सासूबाईंचा मोतीबिंदू

— नाही नाही, हनुवटी नीट टेकवा, दादा, तिथं काही चावत नाही. हां. आणि डोळे बारीक करायचे नाहीत — बारीक केले की जरा बरं दिसतंच, मग माझं दुकान कशाला? मघापासून बघत होते तुम्हाला, समोरच्या कॉफीवाल्याकडे — मोबाईल लांब, अजून लांब, आणखी लांब — म्हटलं आता हा माणूस शेजारच्याच्या मांडीवर ठेवून वाचणार! म्हणून हाक मारली. रागावला नाहीत ना? वय काय म्हणालात? सेहेचाळीस? मग चाळिशी लागली, दुसरं काय! सगळ्यांना लागते, आमच्या लासेमच्या मशिदीतल्या इमामांनासुद्धा लागली. साखर तपासलीत कधी? नाही? तपासा. आता वर बघा... खाली... बुबुळं स्वच्छ आहेत. ते आधी बघते मी. आता बघते — पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी म्हणजे काय — तुम्ही बातिकच्या कारखान्यावर माल पोचवता ना, मग कार्सिनेम आजींना ओळखत असाल. कोपऱ्यात बसतात, तोंडात पान. हां, त्याच! माझ्या सासूबाई. कापडावर मेणाचे ठिपके असे देतात, खसखस सांडल्यासारखे, एकाला एक चिकटलेला दाखवा. आणि नजर काय साधी? घरातसुद्धा तीच नजर! लग्न होऊन आले त्या दिवसापासून — भातात खडा, पेल्यावर बोटाचा ठसा, माझ्या केबाया-पोलक्याला डाग. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, त्याला काय कळणार? बावीस वर्षं, दादा! मी दिवसभर लोकांना चष्म्याचे नंबर काढून द्यायची आणि संध्याकाळी घरी माझी परीक्षा.

मग एकदा काय झालं, भातात खरंच खडा होता. माझ्या दाताखाली आला. त्यांच्याही आला असणार, पण त्या बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात चहात मुंगी — तशीच प्यायल्या. मी बघत राहिले. अंगणात उजेडात बसल्या होत्या, वाकून बघितलं तर बुबुळात दुधाचा थेंब पडावा तसं. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू. मला लगेच कळलं हो, धंदाच तो माझा. डॉक्टर काढतात, अर्ध्या तासाचं काम, हेही माहीत होतं — रोज गिऱ्हाइकांना हेच सांगते मी, घाबरू नका, रेंबांगच्या इस्पितळात जा. त्यांना म्हणाले, "चष्मा जुना झालाय तुमचा, नवीन करू." नवीन केला. काय होणार त्यानं? "दिवा मंद आहे," म्हणाल्या. म्हटलं, "हो, मंदच आहे."

किती दिवस म्हणता? दिवस नाही. दोन वर्षं.

काय सांगू तुम्हाला, घरात इतकी शांतता होती! मी गाणं म्हणायला लागले स्वयंपाक करताना. उद्या सांगू, सणानंतर सांगू... तिकडे कारखान्यात ठिपके एकमेकांवर चढायला लागले. लग्नाचं एक कापड बिघडलं. मालकीण चांगली, ओरडली नाही, पण बारीक काम काढून घेतलं, नुसतं मोठं मोठं मेण भरायला दिलं. घरी येऊन एक शब्द बोलल्या नाहीत. आणि मग एका दुपारी — मेणाची कढई कुठं संपते तेच दिसलं नाही — उकळतं मेण डाव्या हातावर. मी धावत गेले तर केळीच्या पानावर हात ठेवून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, माझा हात आता गेला गं." भाजला होता म्हणून नाही म्हणाल्या तसं. समजलं ना तुम्हाला?

हात जरा बरा झाला, तशी दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर मागे बसवून रेंबांगला नेलं. रस्त्यात मिठागरं लागतात तिथं कानाशी म्हणाल्या, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "त्या दिवशी, हात बांधताना." त्या म्हणाल्या, "हं." बास. हं. आधी एक डोळा केला, महिन्यानं दुसरा. पट्टी काढली तर पहिल्यांदा नर्सच्या ओढणीकडे बघत बसल्या — "लाल इतका लाल असतो?" मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. तर म्हणाल्या, "केस कधी पिकले गं तुझे? आणि किती वाळलीस!"

आता परत ठिपके देतात. पूर्वीइतके बारीक नाही, चट्ट्यामुळे डाव्या हातात कापड नीट तोललं जात नाही — पण देतात. घरी पुन्हा तेच, हे धुतलं नाहीस, ते पुसलं नाहीस. मी एखादा खडा — हसू नका — मुद्दाम राहू देते भातात. आणि कारखान्यात कोणी जरा डोळे चोळले की त्याला इकडे पिटाळतात. काय सांगून, ठाऊक आहे? "माझ्या सुनेकडे जा. आणि तिला म्हणावं, बघितलंस की लगेच सांग. त्याच दिवशी सांग." हेच शब्द. प्रत्येकाला. गेल्या आठवड्यात चौघी आल्या, चौघींनी हेच सांगितलं.

...खरं सांगितलं का त्यांना? नाही. अजून नाही. नवऱ्यालाही नाही. आणि तुम्हाला कशाला सांगत बसले मी, तुमचं माझं नातं काय! — हं, वाचा ही ओळ. हातभर नाही, नेहमीसारखं धरा. दिसतंय? स्पष्ट? मग झालं. काळी फ्रेम घ्या, तोंडाला शोभेल. शनिवारी तयार होईल. उठा आता, मागे त्या बाई केव्हाच्या उभ्या आहेत.