एका टेकमध्ये ओके

— नाही हो अरविंदराव, त्याला अभिनय म्हणू नका. बाकी काय म्हणायचं ते म्हणा. तुमच्या मराठी मंडळाचं पत्र वाचलं मी — आधी हॉलमध्ये व्हिडिओवर माझा तो रडण्याचा प्रसंग दाखवणार, मग मला शाल. छान आहे. सिल्वासात चार मराठी माणसं एकत्र येतात हेच पुष्कळ. पण दुसरं काहीतरी लावा ना — झोपाळ्यावरचं गाणं आहे त्या सिनेमात, जत्रेतली गंमत आहे. तेच हवं? सगळ्यांना तेच हवं असतं. चहा घ्या, गार होतोय.

तुमच्या कारखान्यात बरं असतं, पाळी संपली की माणूस आमलीला नाहीतर सामरवरणीला आपल्या खोलीवर जातो. आमचं तसं नव्हतं. सेहेचाळीस सालची गोष्ट सांगतेय — पाच वर्षांचा करार, आणि राहायचं कोल्हापूरला स्टुडिओच्या आवारातच. मी अमळनेरची तानू, तर झाले कुमारी चंदा. जिभेवरची खान्देशी एका मास्तरांनी सहा महिन्यांत घासून काढली. लग्न करायचं नाही, जाड व्हायचं नाही, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर डायरेक्टरांच्या सहीची चिठ्ठी. आणि टपाल — मुलींचं टपाल आधी ऑफिसात फोडायचे, वाचायचे, मग आम्हाला. आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही बघा, घरच्या वडीलधाऱ्यांनी वाचावं तसं वाटायचं. ते आणून द्यायचं काम ह्यांचं — हो, हेच, आत निजलेत ते. तेव्हा तिसरे असिस्टंट होते. मान खाली घालून यायचे, पत्र द्यायचे, जायचे. सज्जन माणूस.

तर तो प्रसंग. मूल दगावलेली आई. एकोणीस वर्षांची मी, मला काय कळणार मूल जाणं? सोमवारपासून चाललं होतं — ग्लिसरीन घाला, थोबाडीत मारा — मारली हो, डायरेक्टरांनी, सगळ्यांसमोर — तरी मला ते रडणं जमेना. सेट उभा, रोजचा खर्च, डायरेक्टर पिसाळलेले. गुरुवारी दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, आणि हे सेटवर आले नि माझ्या हातात तार ठेवली. माझी आई गेली होती, बुधवारी रात्री. पुढचं तुम्ही कॅसेटमध्ये पाहिलंच आहे. एका टेकमध्ये ओके. वर डायरेक्टर ओरडले, तिचे डोळे पुसू नका कुणी, क्लोजअप राहिलाय. तोही दिला मी. न देऊन जाणार कुठे?

त्या दिवशी सेटवर माझ्यासाठी रडले ते हे एकटेच. म्हणून तर करार संपल्यावर ह्यांनी विचारलं तेव्हा हो म्हटलं. संसार चांगला झाला, उगाच खोटं कशाला बोलू. मग आमच्या अविनाशला इथे मॅनेजरची नोकरी लागली, टोकरखाड्यात हे घर घेतलं, आणि सामान बांधताना ह्यांच्या ट्रंकेच्या तळाशी — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी. बिस्कीट घ्या. — आणखी एक तार होती हो. त्या तारेच्या आधीची. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये.' शिक्का सोमवारचा. सोमवारी रात्री निघाले असते तर बुधवारी सकाळी घरी असते — अख्खा दिवस बसले असते तिच्यापाशी. शेजारीण सांगत होती नंतर, दाराकडे बघून सारखी विचारायची, 'मनी तानू उनी का?' माझी तानू आली का, असं. आणि ती तार ह्यांच्या खिशात. ह्यांना कुणी सांगितलं असेल ठेव म्हणून, नोकरच होते तेही — पण ठेवली ना? गुरुवारपर्यंत ठेवली, आणि मग जन्मभर ठेवली.

विचारलं का? नाही विचारलं. घर लागलं की विचारू म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ दे म्हटलं, आणि संक्रांतीला ह्यांना अर्धांग झालं. वाचा गेली. आता मी पेज भरवते, तोंड पुसते, आणि हे नुसते बघत राहतात माझ्याकडे. मला कळलंय हे ह्यांना माहीत आहे की नाही, तेही मला माहीत नाही. भांडायला तरी समोरचं माणूस धड लागतं हो. मला ह्यांचा राग येतो, आणि राग आला की ह्यांना कूस बदलून द्यायची वेळ झालेली असते. अविनाशला सांगितलं नाही. बाप आहे त्याचा.

काय म्हणालात? ह्यांचाही सत्कार? चाकाच्या खुर्चीवरून, पहिल्या रांगेत — त्या प्रसंगाला हे सहायक होते म्हणून? आणि अविनाशने होकारही कळवला. मग मला विचारायला कशाला आलात? — नाही, रागावले नाही. येईन. त्याच्या कंपनीचे साहेब येणार, मी नाही आले तर त्याला मान खाली घालावी लागेल. येईन, ह्यांना जरीची टोपी घालून आणीन, शाल घेईन. लोक डोळे टिपतील. मग तुम्ही माइक पुढे कराल आणि विचाराल, सांगा ना आजी, इतकं खरं रडू तुम्ही आणलंत कुठून — हे समोर बसलेले असतील तेव्हा. तिथे मी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून पाठवा. पाठ करीन. दिलेलं बोलायची सवय आहे मला.

निघा आता. ह्यांच्या पेजेची वेळ झालीय. दार ओढून घ्या.