बोलणी चालू हायेत तोवर

काकू, आन जमलेली सगळी मंडळी, रामराम. भोरच्या कॉलेजातले सर बोलले, तहसीलदार साहेब बोलले. त्यांच्यामागं म्या काय बोलू? पण नाना गेले, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलल्याबिगर घरी गेले, तर जिवाला चैन पडायची न्हाई.

नाना परराष्ट्र खात्यात व्हते. चीनला राहिले, नेपाळला राहिले, भूतानला राहिले, आन रिटायर झाल्यावर हितं वेल्ह्यात आले. माझा पोरगा फौजेत हाय, लडाखला. समोर चीन. टीव्हीवर कायबी आलं की म्या शेरडं जावेच्या हवाली करायची आन नानांच्या ओट्यावर येऊन बसायची. काकू आधी चहा द्यायच्या, मग नाना बोलायचे.

एकदा तिकडं झटापट झाली. म्या लई तापले. म्हणलं, "नाना, तुमच्या खात्याची माणसं गालिच्यावर बसून नुसती बोलणी करत्यात. माझं पोरगं बर्फात उभं हाय."

नाना रागावले न्हाईत. म्हणले, "हौसाबाई, बोलणी चालू आहेत तोवर त्याला नुसतं उभंच राहावं लागतं."

मंडळी, तवापासनं टीव्हीवर म्या आधी बोलणी चालू हायेत का, तेवढं बघते.

मग नेपाळवरनं नानांशी भांडले. आपण त्यांचं एवढं करायचं, आन त्यांनी चीनकडनंबी रस्ते बांधून घ्यायचे? लाड कशाला? तवा माझ्या नणंदेच्या घरी लगीन व्हतं. आमचं वाकडं असलेल्या भावकीलाबी तिनं पत्रिका दिली, म्हणून म्या रुसले व्हते. नानांना ते ठावं व्हतं. म्हणले, "तिला दोन्ही घरं धरून राहायचंय. पत्रिका दोघांना जाणारच. तुम्ही नाही गेलात तर मांडवात ते एकटेच मिरवतील. हळदीलाच जा. आणि 'आमची का त्यांची' असं तिला विचारू नका." म्या गेले. पोळ्या लाटायला बसले. नणंद गळ्यात पडून रडली.

नाना म्हणले, "आम्ही इथंच चुकत आलो. मोठ्या चीनकडं बघत बसलो, लहान शेजाऱ्यांकडं जायचं राहिलं. गेलो तरी थोरपणा दाखवायला गेलो." स्वतःच्या खात्याबद्दल असं कोण बोलतं, सांगा बरं?

नानांच्या आजारपणात म्या इचारलं, "नाना, चीनशी आपलं मिटंल का?" लई वाटलं, त्यांनी व्हय म्हणावं. नाना म्हणले, "मिटणार नाही, हौसाबाई. पण बिघडू द्यायचं नाही. ते रोजचं काम आहे." खोटा धीर दिला न्हाई.

आता ते काम करणारी माणसं म्या वळखत न्हाई. नानांसारखी सबुरीची असावीत, एवढंच देवाला मागते. आन पुढची बातमी आली की म्या कुणाच्या ओट्यावर जाऊ? मला भ्या वाटतंय, मंडळी. लई भ्या वाटतंय.

माझं पोरगं कालच सुट्टीवर निघालंय. आज सकाळी फोनवर त्याला सांगितलं, नाना गेले.

नाना, पोरगा घरी येतोय. धडधाकट येतोय. तुमाला ऐकवायचं व्हतं.

मंडळी, हात जोडा, आन माझ्यासंगं घडीभर गप उभं राहा.