विहिरीतली राजकन्या

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल टम्म सुजला होता. थोरली मात्र उत्साहानं नुसती उतू जात होती.

“बबडे, मी परत गोष्टी लिहायला लागलेय!”

“तू? या वयात?”

“अगं, आज भर मीटिंगमध्ये डोक्यात राक्षस शिरला. साहेब बोलतायत आणि मी आपली खुदुखुदु हसतेय.”

“ताई, हसवू नकोस, दाढ ठणकते.”

“आपली लहानपणची गोष्ट आठवते? तुला राजकन्या केलं होतं, ती?”

“न आठवायला काय झालं? राक्षसानं मला विहिरीत ढकललं आणि तू गोष्ट अर्धवट टाकून दहावीच्या अभ्यासाला बसलीस!”

“आईनं दम भरला होता गं.”

“मी रोज विचारायचे, ‘ताई, मी अजून आतच का?’ तू म्हणायचीस, ‘परीक्षा झाली की काढते.’”

“मग नोकरी, लग्न, पोरं...”

“आणि मी विहिरीत!”

“म्हणून तर आधी तीच गोष्ट घेतलीय. दुपारीच खाली दोर सोडलाय. राक्षसानंच सोडलाय, त्याला पश्चात्ताप झालाय.”

“वा! एवढी वर्षं गार पाण्यात बसवलंस, आता पन्नाशीत दोराला लोंबकळू? माझे गुडघे बघ!”

“बरं बाई, शिडी देते.”

“धरायला कठडा असलेली दे.”

“देते. संध्याकाळपर्यंत वर येशील.”

नर्सनं धाकटीला आत बोलावलं. ती दारापर्यंत गेली आणि गाल धरून परत आली.

“ताई, ऐक. वर काढ, पण लगेच राजवाड्यात नेऊ नकोस हं, नाहीतर गोष्ट संपेल.”