हुक्केरींनी परत मागितलेल्या गोळ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या औषध विक्रेत्यांमधले सगळ्यांत ज्येष्ठ असे आदरणीय सयाजीराव इंगवले, व्यासपीठावरचे माझे डॉक्टर मित्र, सत्कारमूर्ती श्री. मृत्युंजय हुक्केरी, सौ. रत्नव्वा वहिनी, त्यांची कन्या रक्षिता, समोर जमलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण औषध प्रतिनिधींनो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. दवाखान्यात आम्ही तुम्हाला तासतासभर उभं करतोच, आज तरी बसा.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'शिवाजी पेठेत पस्तीस वर्षं रुग्णसेवा करणारे डॉ. नृसिंह सबनीस' अशी करून दिली. मला पाच मिनिटं दिली आहेत. हुक्केरींचा नुसता गौरव करायचा असता तर तेवढी पुरली असती. मला जे सांगायचं आहे त्याला थोडी जास्त लागतील, तेव्हा अध्यक्षमहाराजांनी घंटीवरचा हात काढावा ही विनंती.

हुक्केरी निपाणीकडचे. तुम्ही तरुण मंडळी त्यांना आण्णा म्हणता. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरकडे येतो तो नव्या औषधाचे गोडवे गायला. हा गृहस्थ बॅग उघडली की आधी खोक्यातली घडीची चिठ्ठी काढायचा आणि औषधाचे दुष्परिणाम वाचून दाखवायचा. तोंडाला कोरड पडेल, गुंगी येईल, पोट धरेल. मी म्हणायचो, "अहो हुक्केरी, तुम्ही औषध विकायला आलात की मोडायला?" ते म्हणायचे, "साहेब, वाईट आधी ऐकून घ्या. चांगलं काय, कंपनी सांगतीच की." यावरून कंपनीतल्या साहेबांची बोलणी त्यांनी किती खाल्ली असतील, ते वहिनींना विचारा.

नव्व्याण्णव साली त्यांनी एक गोळी आणली. हातापायांच्या कंपासाठी, नुकतीच मान्यता मिळालेली. तिचं नाव घेत नाही, आता ती बाजारात नाही. चिठ्ठीच्या तळाशी, बारीक अक्षरांत शेवटची ओळ होती : क्वचित भास. हुक्केरींनी तीही वाचली. मी सॅम्पलच्या स्ट्रिपा खणात टाकल्या.

आता इथे जे डॉक्टर बसले आहेत त्यांना विचारतो, आपल्या घरी कोणी आजारी पडलं तर आपण काय करतो? केसपेपर काढतो? वजन, रक्तदाब लिहून ठेवतो? खण उघडतो, सॅम्पल काढतो आणि जेवताना ताटाशेजारी ठेवतो. माझी पत्नी कालिंदी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. उजवा हात थरथरू लागला म्हणून तिने नोकरी सोडली होती. तिने दिलेला चहा यायचा तो कपबशीच्या आवाजासकट. मी तिला ती गोळी सुरू केली. कुठे नोंद नाही, तपासणी नाही. ती कोणाचीच पेशंट नव्हती, डॉक्टरची बायको होती.

तीन आठवड्यांत कपबशी वाजायची थांबली. महिन्याभरात तिने पेन्सिल धरली. मी किती खूश झालो होतो ते सांगता येत नाही. मी एका सॅम्पलने जे केलं ते मोठ्या शहरातल्या तीन डॉक्टरांना जमलं नव्हतं, असा मला गर्वही झाला होता.

चार महिन्यांनी हुक्केरी आले ते बॅग न घेता. म्हणाले, "साहेब, ती कंपाची गोळी कुणाकुणाला दिलीसा? त्यास्नी कुणी दिसतंय का?"

मी हसलो. ते हसले नाहीत, सांगू लागले. वारणानगरला साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केरबा म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या दारात रोज कोणी तरी बसलेलं असायचं. "दारात पावणं बसल्यात, पाठ करून. कवाधरनं बसल्यात, च्या टाका की," असं ते सुनेला सांगायचे. दार मोकळं असायचं. आजऱ्याला काजू सोलणाऱ्या शालूबाई होत्या, त्यांच्याही उंबऱ्यापाशी पाहुणे. पाठ करून, पांढरा सदरा घालून. वारणानगर कुठे, आजरा कुठे? दोघांची ओळख नाही, डॉक्टर वेगळे. दोघांत सारखी एवढी एकच गोळी.

"दिसेना का," मी म्हणालो. "म्हातारी माणसं आहेत. त्रास काय आहे?"

हुक्केरी म्हणाले, "बसल्यात तवर काय न्हाय. पावणं उठलं की ह्ये मागनं जात्यात." केरबा असेच एका सकाळी घरातून निघाले. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले सापडले. जिवंत होते. पण त्यानंतर घरातलं एकही माणूस त्यांना ओळखू आलं नाही.

हुक्केरींनी कंपनीला चार पत्रं लिहिली होती. वयोमानाने असं होतं, असं उत्तर आलं, आणि वर डॉक्टरांशी या विषयावर बोलायचं नाही अशी तंबी. म्हणून हा माणूस रजा टाकून, स्वतःच्या लुनावरून, स्वतः वाटलेल्या गोळ्या दवाखान्यादवाखान्यातून परत मागत फिरत होता. माझ्याआधी नऊ डॉक्टरांनी त्या परत दिल्या होत्या.

मी म्हणालो, "संपल्या."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता आणि त्यात अकरा स्ट्रिपा होत्या. मी खोटं का बोललो? मला तो कपबशीचा आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता. दुसरं कारण नाही. हुक्केरी म्हणाले, "वहिनींचा हात कसा हाय आता?" मी म्हणालो, बरा आहे. ते उठून गेले.

त्या संध्याकाळी मी कालिंदीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला घरात कोणी दिसतं का गं? ती चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दिसतं म्हणजे काय? ते बसलेलेच असतात. तुम्ही रोज त्यांना ओलांडून आत येता."

मी विचारलं, चेहरा कसा आहे? ती म्हणाली, "पाठ असते हो. पण उठतील आता. मघापासून चपला शोधताहेत."

मी काय केलं असेल? गोळ्या फेकून दिल्या? मी डॉक्टर आहे, मी डोस निम्मा केला. हात स्थिर राहील आणि पाहुणाही उठणार नाही, असा मधला मार्ग मी काढला. अर्धी गोळी, ताटाशेजारी, आणखी नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. दार ढकलून पुढचा पेशंट आत आला आणि स्टुलावर बसला. ती कालिंदी होती. अनवाणी. बाहेरच्या बाकावर ती रांगेत बसून होती, माझ्या कंपाउंडरने ओळखून बोलावलं तर म्हणाली, नंबर आला की जाईन. मी म्हणालो, अगं, तू इथे कशी? तिने माझ्याकडे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग माझ्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीशी बघितलं आणि अगदी सौम्यपणे मला म्हणाली, "आपण जरा उठता का? ही डॉक्टरांची खुर्ची आहे. ते केव्हाचे उभे आहेत."

मी उठलो. आणखी काय करणार होतो?

गोळी त्याच दिवशी बंद केली. आठ दिवसांत हात पुन्हा थरथरू लागला. पाहुणे दिसायचे थांबले. पण मी तिला पुन्हा ओळखू आलो नाही. तिला बाकी सगळं आठवतं, शाळा आठवते, आमच्या लग्नात कोण रुसलं होतं ते आठवतं. मी घरी आलो की ती मला बसायला सांगते, दोन्ही हातांनी धरून चहा आणते आणि म्हणते, डॉक्टर येतीलच एवढ्यात. आठ वर्षं झाली.

हुक्केरींना त्या वर्षी बढती मिळाली नाही, लातूरला बदली मिळाली. पुढे कंपनीने ती गोळी व्यावसायिक कारणास्तव म्हणून गुपचूप काढून घेतली. आज त्यांच्या खांद्यावर आपण शाल घातली, ती त्या लुनावरच्या फेऱ्यांसाठीही आहे, एवढं या सभेला माहीत असावं म्हणून मी उभा राहिलो. संयोजकांनी मला बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपला सर्वांचा मी ऋणी आहे.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर ते आपण मनावर घेणार नाही, अशी खात्री आहे. पण जे बोलण्यात नव्हे, वागण्यात झालं, त्याची क्षमा मी गेल्या रविवारी हुक्केरींच्या घरी जाऊन मागितली. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, खण उघडला न्हाईसा त्ये मला तवाच कळलं हुतं. माझ्याकडं काय मागता? घरात मागा की."

म्हणून घरी गेलो आणि कालिंदीपुढे बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी काय केलं ते तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "फार वाईट झालं. डॉक्टर आले की मी त्यांना सांगते."