फिल्टरला बांधलेलं फडकं

सकाळी बरोबर सव्वासातला दूध संस्थेचे कॅन भरलेली आमची जीप चढावर धापा टाकून बंद पडली, बघा. दूध नासलं आणि ह्यांचं डोकं फिरलं. आदल्याच दिवशी वडवणीत चाचांच्या दुकानात एअर फिल्टर मी पसंत केलता. कंपनीचा सोडून बाहेरचा, जाड दिसला म्हणून.

ट्रॅक्टरनं ओढत जीप वडवणीला नेली. भर बाजारात हे दुकानदार चाचांवर ओरडले, "डुप्लिकेट माल विकता व्हय?" माणसं गोळा झाली.

चाचा म्हणाले, "पहले खोलून तर बघू."

डबी उघडली, तर फिल्टरला माझ्या हिरव्या साडीचं चार पदरी फडकं!

"हे कावून बांधलं?" ह्यांनी विचारलं.

मी पुटपुटले, "दुष्काळाचा फुफाटा लई हाय. टँकरचं पाणी गाळते, तसंच..."

चाचांनी माझ्या कडेवरच्या लेकराकडं बघितलं. त्याच्या नाकातोंडावरही तेच हिरवं फडकं. "बेटी, गाडीचा दम कोंडला, ह्याला तरी एकपदरीच बांध."

सगळा बाजार हसला. लाजेनं माझी मान वर होईना. चाचा मात्र फडक्याची घडी घालत होते.

तवा बायांनो, डुप्लिकेटची बोंब ज्याच्या ज्याच्या कानावर गेली असंल, त्याला एवढं सांगा: चाचांचा फिल्टर चांगला हाय.