पाच नंबरच्या प्लॉटातली बाभळ

चंद्रिका : हे बघा मावशी, हे एक. हे दुसरं. आणि हे तुमच्या पायाशी तिसरं. एका पावलात तीन रोपं, तिन्ही वेड्या बाभळीची. तरी तुमचं आपलं तेच, मेंढरं रस्त्याच्या बाभळीकडं गेलीच नाहीत?

मायाक्का : न्हाय गेली. कितींदा सांगू? सकाळधरनं त्येच त्येच इचारतीस, आन मी त्येच त्येच सांगतीय. तुजं तोंड दुकंना व्हय?

(माळशिरसकडच्या माळावरची श्रावणातली दुपार. मायाक्का वैतागली आहे, आणि का वैतागू नये तिनं? समोर प्रकल्पाची चंद्रिका म्याडम, हातात अहवालाची फाईल. मागं नवरा सिद्धाप्पा, काठीवर हनुवटी टेकून असा उभा, की बघणाऱ्याला वाटावं मेंढरं शेजाऱ्याची आहेत.)

चंद्रिका : उद्या दहाला पुण्याहून समिती येतेय. तुमचा चराईचा पास पुढं चालू ठेवायचा की नाही, ते ह्याच प्लॉटवर उभं राहून ठरवणार. मेंढरं चारून माळ पुन्हा माळासारखा होतो, हे दाखवायला तीन वर्षं राबतोय आपण. आणि त्याच मेंढरांच्या लेंड्यांतून बाभळ उगवली, तर काय सांगू मी त्यांना?

मायाक्का : पाखरं आली म्हनून सांग की. ते तुरुतुरु पळनारं, काय म्हंतीस तू त्येला, धाविक. माझ्या लग्नात बघितल्यालं, त्येच्यानंतर आता दिसलं. चंडोल आलं. पवन्या गवत आलं. हे सगळं काय तुझ्या फायलीनं आनलं? माझ्या मेंढरांनी आनलं.

चंद्रिका : मला माहीत आहे ते.

मायाक्का : म्हाईत हाय तर गुमान तसं लिव. सव्वीस वर्सांमागं सायेब लोकांनी आमाला हितनं उठवलं. मेंढरं माळ खाऊन टाकत्यात म्हनं. चर खांदला, तार मारली. मग गवत वाढलं कमरंएवडं, खायाला कुनी न्हाय, उभ्या उभ्या वाळलं, कुजलं. पाखरं गेली. आन ही बाभळ आली. तवा कुनाची मेंढरं हुती हितं?

चंद्रिका : तेव्हाची बाभळ आपण दोन वर्षं उपटत होतो ना? सगळा पाच नंबर मोकळा झाला होता. मेमध्ये मी स्वतः फोटो काढलेत, एक रोप नव्हतं. आणि आता ह्या पट्टीत शेकड्यानं. ती सुद्धा लेंड्यांच्या ढिगातून. मावशी, शेंगा मेंढरांनी खाल्ल्याशिवाय बी इथं येईल कसं?

मायाक्का : वाऱ्यानं आलं असंल.

चंद्रिका : बाभळीचं बी वाऱ्यानं येतं?

मायाक्का : मग पान्यानं आलं असंल. मला काय इचारतीस, शिकल्याली तू.

चंद्रिका : वेळापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळ आहे. एप्रिलात शेंगांचा सडा पडतो तिथं. प्रामाणिकपणे सांगा, नेली होती का?

मायाक्का : त्या शेळीच्या गळ्यात डबा बांधलायस न्हवं? मेंढरं कुटं हायती ते तुला हापिसात बसून दिसतंय म्हनलीस. मग बघ की त्यात.

चंद्रिका : बघितलं. एप्रिलात चार दिवस नकाशावरचा ठिपका प्लॉटाच्या आतच आहे.

मायाक्का : मग झालं तर.

चंद्रिका : आत आहे, पण हलतच नाही. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी. मला तेव्हा वाटलं, बॅटरी गेली.

मायाक्का : तुजा डबा बिघडला त्येचं खापर बी आमच्याच डोस्क्यावर. बरं. तुझा इस्वास न्हाय न्हवं? थांब. ही बघ, कमरंला पिशवी हाय माझ्या. बिरुदेवाचा भंडारा हाय ह्यात. ह्यो उचलून सांगती. माझी मेंढरं जर का त्या बाभळीखाली...

सिद्धाप्पा : ठिव तो खाली.

मायाक्का : काय?

सिद्धाप्पा : भंडारा. पिशवीत ठिव. उचलू नगंस.

मायाक्का : का?

सिद्धाप्पा : मी नेल्याली.

मायाक्का : अवो, काय बोलताय तुमी?

सिद्धाप्पा : चार दिवस नेल्याली. रस्त्याला.

मायाक्का : आन ही सकाळधरनं मला आरोपीगत इचारतीय, मी हिच्याशी भांडून घसा कोरडा केला, तवा तुमच्या तोंडाला काय कुलूप हुतं? देवाची आन घ्याला निगाले हुते की मी. खोटी आन. लेकराबाळांची हाय मी.

सिद्धाप्पा : म्हनून तर बोल्लो.

चंद्रिका : आणि ठिपका? तो आत कसा काय राहिला मामा?

सिद्धाप्पा : शेळी हितंच बांधल्याली. खुंट्याला.

चंद्रिका : म्हणजे पट्टा शेळीच्या गळ्यात, शेळी खुंट्याला, आणि सगळी मेंढरं वेळापूरच्या रस्त्याला.

सिद्धाप्पा : व्हय. शेळीला पाला टाकल्याला. पानी बी ठिवलं हुतं.

चंद्रिका : शेळीची काळजी नाही हो मला. अय्यो, मामा, तुम्ही तरी... तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, सिद्धाप्पांवर डोळे झाकून विश्वास ठेवा. आणि तुम्ही मला एक शेळी दाखवून फसवलंत?

सिद्धाप्पा : एप्रिलात ह्या पलाटात काडी न्हवती. तुमच्या कागदात म्हईनाभर ह्योच पलाट. मेंढ्यांचं दूद आटलं. नऊ कोकरं गेली. दहावं मी हातात धरून बसलो हुतो. शेंगा खाल्ल्या, आन चौथ्या दिशी दूद उतरलं.

मायाक्का : त्ये मला म्हाईत हाय की. दूद उतरलं त्ये बघितलं मी. मी पालावर कोकरांपाशी हुते, तुमी म्हनलासा, त्या बागायतदार बिरप्पाच्या उसाचं वाडं आनून चारलंय.

सिद्धाप्पा : व्हय. तसं म्हनलो.

मायाक्का : मला बी फसवलं. बायकूला बी आन सरकारला बी. एकाच शेळीवर.

चंद्रिका : मला हे लिहावं लागेल मामा. नाइलाज आहे. “मेंढपाळाने चराईचा आराखडा मोडून कळप बाहेर नेला.” हे वाक्य एकदा लिहिलं, की उद्या पास रद्द. आणि दीडशे मेंढरं घेऊन तुम्ही कुठं जाणार, ते मला सुचत नाहीये.

सिद्धाप्पा : लिवा.

मायाक्का : लिवा काय? पास गेला तर मेंढरं इकावी लागत्याल. बाकी सगळीकडं ऊस झालाय, पाय ठिवाला जागा न्हाय. आन मला एक सांगा, नेली तर नेली. पर तुमच्या बापानं जे आयुष्यभर केलं, त्ये करायचं का सुचलं न्हाय तुमाला? शेंगा खाल्ल्यावर सरळ माळाव कोन आनतं का मेंढरं? पोरसोर बी आनत न्हाय.

चंद्रिका : म्हणजे? काय करायचं असतं?

मायाक्का : केराबाईचं काळं रान हाय न्हवं वड्याकडंला, तितं बसवायची. तीन राती. पोटातलं बी सगळं तितं पडतं. तिला खत हुतं, आन उगवलं तर तिचा नांगर फिरतोयच. मेंढरांचं पोट मोकळं झालं की मग माळाव. सासरा तर तीन राती सरल्याबिगर माळाव एक मेंढरू चढू देत न्हवता. हे ह्येनला म्हाईत न्हाय व्हय? जल्म गेला मेंढरामागं.

चंद्रिका : तीन रात्री. एवढंच?

मायाक्का : एवडंच.

चंद्रिका : मग मामा, एक फोन करायचा ना मला. तीन रात्री बाहेर बसवतो म्हणायचं. मी काही नाही म्हटलं असतं का?

मायाक्का : बोला की. ती इचारतीय, फोन का न्हाय केला.

सिद्धाप्पा : जाऊ दे.

मायाक्का : जाऊ दे काय? थांबा, थांबा. केल्याला की तुमी फोन. मीच नंबर लावून दिला हुता तुमाला. आंबील केली हुती त्या दिशी. फोन तुमच्या हातात दिला आन मी पान्याला गेले. म्याडमलाच लावला हुता त्यो.

चंद्रिका : मला? एप्रिलात? नाही हो, मला नाही आठवत.

सिद्धाप्पा : ऱ्हाऊ द्या म्याडम. तुमच्या भनीचं लगीन हुतं. मागनं रिक्षांचा दंगा ऐकू येत हुता.

चंद्रिका : नवी पेठ.

मायाक्का : काय?

चंद्रिका : नवी पेठेच्या बाजारात होते मी. साड्या घ्यायला. एका हातात पिशव्या, आई दुकानातून हाका मारतेय, आणि मामांचा फोन. तीन रात्री कुठल्या तरी रानात बसवू का, असं काहीतरी. मला वाटलं, खतासाठी कुणाच्या शेतात बसवायचंय. मी म्हणाले...

सिद्धाप्पा : तुमी म्हनलासा, ठिपका राती बाहीर दिसला की पुन्याचा फोन येतो. आराखड्यात बसत न्हाय. ॲडजस्ट करा.

चंद्रिका : ॲडजस्ट करा.

सिद्धाप्पा : मग केलं. दिवसा चारली आन राती आत आनली. राती एकली शेळी लांडगा सोडत न्हाय.

मायाक्का : म्हंजे इचारलं हुतं ह्येनी. आन तू न्हाय म्हनलीस. आन मगाशी फसवलं, फसवलं म्हनून ऐकवलंस, ते ह्यो बाबा काठीला टेकून गुमान ऐकत हुता. अवो, तोंड हाय का काय हाय तुमाला? मगाशीच का न्हाय सांगितलं? पास चाललाय आपला.

सिद्धाप्पा : तिची नोकरी कच्ची हाय. दर मार्चाला नवा कागद येतो तवा ऱ्हाती. उद्या सायबांम्होरं हे निगालं, तर तिला काडतील.

मायाक्का : आन आपल्याला?

सिद्धाप्पा : आपल्याला एकदा उठवलंय. आपुन जाऊ कुटंबी, सव हाय. तिला कुटं हाय.

चंद्रिका : मामा, असं नका ना बोलू.

मायाक्का : रडू नगंस. आदी मला राग यिऊ दे नीट, मग रड. ह्यो मानूस असा हाय बघ. पस्तीस वर्सं झाली. समद्यांचं वज्जं आपल्या पाठीव घेनार आन कुनाला सांगनार न्हाय. मग बायकू भांडत बसती खुळ्यागत.

चंद्रिका : हे पान फाडते मी. पुन्हा लिहिते. ऐका. “एप्रिलमध्ये प्लॉट पाचमध्ये चारा नव्हता. नऊ कोकरं दगावली. सिद्धाप्पांनी शेंगा चारल्यावर कळप तीन रात्री बाहेर बसवण्याची परवानगी फोनवर मागितली. ती मी नाकारली. बी माळावर आलं ते त्यामुळं.” खाली माझी सही.

मायाक्का : काडून टाकतील तुला.

चंद्रिका : टाकू देत.

मायाक्का : टाकू देत कशी? तुजं काय जातंय? तुला कुसळी कुटली आन पवन्या कुटला, हे शिकवता शिकवता माजं एक वरीस गेलं. मेंढरू कधी उबं ऱ्हातं आन कधी बसतं, ह्येला दुसरं वरीस. आता कुटं तुला जरा समजाया लागलंय, तर म्हनं टाकू देत. उद्या नवीन कुनी यील, गाडीतनं उतरंल आन इचारंल, ह्यातली शेळी कुटली. त्येला परत पयल्यापासनं कोन सांगनार? मला न्हाय हुनार बाई. मी आदीच वैतागलीया.

चंद्रिका : मग काय करू मावशी? खोटं लिहू?

मायाक्का : खोटं कोन लिव म्हनतंय? ह्येनला इचार. ह्येनीच घातलाय सगळा घोळ.

सिद्धाप्पा : खरं हाय तसंच लिवा.

चंद्रिका : लिहिलंय मामा. शेळीचं पण लिहिते. तेही खरंच आहे.

सिद्धाप्पा : त्ये बी लिवा. आन त्याच्या खाली आमचं एक लिवा. म्हनावं, पास द्याचा का न्हाय ते तुमी बघा, पर ही बाई बदलू नका.

चंद्रिका : असं अहवालात लिहीत नाहीत मामा.

सिद्धाप्पा : मग कोरी जागा सोडा तितं. मी अंगठा लावतो.