आतल्या खोलीवाला जीव

...आणि नमुना म्हणजे तंबाखूचा नव्हे हो! तंबाखूचा असता तर निपाणीच्या बाईला काय अवघड होतं, चिमूटभर पुडीत बांधला की झालं. पण बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "मुलाच्या शीचा नमुना आणा, ताजा, गरम, स्वच्छ बाटलीत," आणि तिथंच मी फसले. घ्या ना, लाडू घ्या, मी आपली बोलत राहते.

तुम्हाला सांगते, आमच्या धनपालला आठ दिवस आव आणि रक्त पडत होतं. दीड वर्षाचं पोर, मान टाकलेली, मी रात्रंदिवस त्याच्या नाकाशी बोट धरून बसलेली... इथल्या औषधवाल्यानं रोज गोळ्या दिल्या, उतार नाही. शेवटी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या मोटारीतून, संकेश्वरला दोनदा उतरून ढकलत, बेळगाव गाठलं. वडगावला माझ्या मावशीकडे उतरलो, मी, धनपाल आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या बघा आत जपमाळ घेऊन बसल्यात, हळू बोलते.

सकाळी नमुना मिळाला. बाटली मी तीनदा उकळली. मग काय केलं असेल? गाळला! हसू नका! मी सातवीची फायनल पास आहे, शाळेत माझं अक्षर बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या, पण जैनाघरची सून, हाताला वळणच पडलेलं... आमच्या घरात न गाळता काही भांड्यात जात नाही! दुहेरी फडकं घेतलं, बाटलीच्या तोंडावर धरलं आणि गाळून मोकळी. वर शेंबडासारखी आव राहिली, खाली नितळ पाणी. मला वाटलं, वा, काय स्वच्छ नमुना!

डॉक्टरांनी एक थेंब काचेवर घेतला, त्या पितळी यंत्राला डोळा लावला आणि ओरडले, "अय्यय्यो! बाई, हे काय आणलंत? यात काहीच न्हाय!" मी म्हटलं, "गाळून आणलंय." त्यांनी बाटली उजेडाला धरली. "अहो, मला हवा तो जीव त्या आवेतच असतो! कुठाय ती?" धनपाल मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला, पोटात काही उरलंच नव्हतं, दुसरा नमुना आणायचा कुठून? डॉक्टर हळूच म्हणाले, "उद्यापर्यंत थांबायला नको हो. आणि जीव कुठला ते कळल्याशिवाय औषध देता येत न्हाय." मी, मी स्वतःच्या हातानं...

तेवढ्यात कोपऱ्यातनं आत्याबाई म्हणतात कशा, "आव व्हय? ती हाय की. जीव असत्यात म्हणून फडकं वाळू दिलं न्हाय मी. पाणी गाळलं तर गाळण्यावरचे जीव आडात सोडतो आपण, आल्या जागी. ह्यांची जागा पोराच्या पोटात! आता तिथं कसं सोडू? म्हणून आणलेत." आणि पदराखालून वाटी काढली. अंगाच्या उबेत धरलेली, वर ओलं फडकं!

डॉक्टरांनी त्यातलं टाचणीभर घेतलं, डोळा लावला, आणि हसले. मलाही बघायला लावलं. एक थेंबटं, पाय काढल्यासारखं सरकतंय, आणि आत, अगदी आत, एक गोल टिकली! "ती त्याची आतली खोली," डॉक्टर म्हणाले. "भिंत घातलेली, कारभार सगळा तिथनं. आणि ह्या बारीक काड्या दिसतात? त्यांना आतली खोलीच न्हाय. तुमची तंबाखूची वखार कशी, एकच दालन, सगळा माल तिथंच? तसं. दोघांमुळंही आव होते, पण औषध वेगळं. आठ दिवस तुम्ही वखारवाल्यांवर गोळ्या झाडल्यात, चोर घरवाला!"

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपणही घरवाले. अंगातला जवळजवळ कण न् कण आतल्या खोलीचा. म्हणून घरवाल्यावरची ही सुई बेतानं, तिचा त्रास आपल्यालाही होतो."

म्हणजे तो मेला आमच्याच बिरादरीतला! पण उपकार त्याचे, की खोली बांधून बसला आणि ओळखू आला. उपकार डॉक्टरांचे. सुईच्या तिसऱ्या दिवशी धनपालनं माझी नथ ओढली, आणि मी रडले, इतकं दुखलं आणि इतकं गोड वाटलं. आणि उपकार आत्याबाईंचे, ज्यांना मी सात वर्षं मनातल्या मनात जुनाट म्हणत आले... आमच्या घरात न गाळता काही भांड्यात जात नाही, आणि गाळलेलं काही टाकून देत नाहीत, म्हणून पोर वाचलं हो!

पण घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "कमळे, सुईनं किती जीव मेले?"

"लाखो, आत्याबाई."

"घरवाले न्हवं? ते पोराला खात हुते, त्यांचं एक दिवस एकभुक्त कर, एकदाच जेव. आन् त्या गोळ्यांनी?"

"वखारवाले."

"त्यांचा गुन्हा काय हुता?"

"काहीच नाही," फायनल पास बाईनं कबूल केलं.

"मग त्या गरिबांचे आठ दिवस."

आज सातवा. सकाळीच जेवले मी, तुम्ही खा लाडू. मला आपलं पाणी पुरे... थांबा, थांबा, त्या तांब्यातलं नको! अजून गाळायचंय.